स्टीलची सूज

बाबा धाडच्या आठवडी बाजारात स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरायचे. हातातलं मशीन घरघरायचं आणि कुणाच्या तरी सुनेचं नाव पातेल्यावर उमटायचं. मी शिकून अणुभट्टीतल्या स्टीलवर काम करायला लागले, तेव्हा ते बाजारभर सांगत सुटले, "आम्ही बापलेक दोघंही स्टीलवरच जगतो."

स्टील सुजतं हे मात्र त्यांना काही केल्या पटेना. मी समजावलं, भट्टीत वर्षानुवर्षं किरणांचा मारा होतो, आतले अणू जागा सोडतात, बारीक बारीक पोकळ्या होतात. तुकडा फुगतो, वजन मात्र तेवढंच राहतं.

"म्हंजे फुगलेलं दिसते, पण आत रिकामं?"

"हो."

"मंग पुढाऱ्यासारखंच झालं हे!" आणि आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

गेल्या दिवाळीनंतर व्हिडिओ कॉलवर त्यांचा चेहरा भरलेला दिसला. आमच्याकडे गाल वर आले की तब्येत सुधरली म्हणतात. मीही म्हणाले, "बाबा, अंग धरलं की हो!" मागून आई म्हणाली, "बाजारात जात नाहीत आता. घरीच बसून राह्यले." का जात नाहीत, हे मी विचारलं नाही. बोटं इतकी सुजली होती की मशीन धरवत नव्हतं, हे मला पुढे कळलं. केसाहून बारीक सूज मोजायचा पगार घेते मी, आणि बापाच्या तोंडावरची सूज मला बाळसं वाटली. याची लाज वाटते, आणि ती कमी होत नाही.

त्याच कॉलवर त्यांनी विचारलं, "पोरी, तुह्या स्टीलची सूज उतरते का?"

नेहमीची चेष्टा असेल, असं मला वाटलं. मीटिंगची घाईही होती. "नाही हो बाबा. एकदा सुजलं की तो भाग काढून टाकायचा."

"हाव," ते म्हणाले. मग जेवलीस का ते विचारलं.

बाबा गेल्यावर आईने चिखलीच्या डॉक्टरचा कागद काढून दिला. मूत्रपिंडं खराब झाली होती. तारीख त्या कॉलच्या आदल्या दिवसाची होती. गोळ्यांची पाकिटंही होती, न फोडलेली.

"घेतल्या काऊन नाही त्यांनी?" मी ओरडलेच.

आई म्हणाली, "मी लय म्हणलं. तं म्हणे, पोरीले विचारलं मी, तिले समजते त्यातलं. नाही उतरत म्हणते."