कळ येते, कळ जाते

स्पिरिटचा वास आला की चंदीगडमधली कर्फ्यूची ती दुपार आठवते. मी डायलिसिसची नर्स होते. यंत्राला जोडलेल्या सरदारजींच्या पोटरीत गोळा आला होता. गोळी द्यायला डॉक्टरांची मनाई होती आणि हात हलला तर त्यातली सुई निसटली असती. त्यातच त्यांचा मुलगा जवळच्या खरड गावाहून निघून अजून पोचला नव्हता. बाहेर सायरन वाजला, त्यांचा हात ताठरला. मी तो दाबून धरला आणि घाबरून मराठीतच म्हणत राहिले, "श्वास सोडा. कळ येते, कळ जाते." त्यांनी डोळे उघडले. "कल आएगा, बेटी?" त्यांनी 'कळ'चा 'उद्या' केला होता. मी म्हटलं, "आएगा जी, पक्का." हात सैल पडला. त्यांच्या पुढच्या डायलिसिसच्या पाळीला मी ड्यूटी बदलून घेतली. मुलगा आला का, हे मला आजही माहीत नाही.