हौसेचं गिऱ्हाईक

बोरगावच्या भरमाला लोकांना हसवून त्यांचे फोटो काढायचे, एवढं एकच काम येत होतं, आणि पुरानंतर नेमकं तेच बंद पडलं.

त्याच्या स्टुडिओत एक पडदा होता. निळं तळं, तळ्यात दोन हंस, मागं बर्फाचे डोंगर. गावातल्या निम्म्या पोरींची लग्नं त्या हंसांपुढं काढलेल्या फोटोवर जमली. दूधगंगेचं पाणी स्टुडिओत शिरलं तेव्हा ते हंस गळ्यापर्यंत बुडाले आणि पाणी उतरल्यावर त्यांच्या मानेवर चिखलाची रेघ राहिली. भरमानं पडदा घासघासून धुतला. रेघ हलली नाही, उलट एका हंसाची चोच गेली. त्याची बायको शालूबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की आता. त्याला काय चरायला जायाचं हाय?"

पुढं भरमाला काम मिळालं, पण कसलं काम! पडलेल्या भिंती, भिजलेलं धान्य, कुजलेला ऊस. सगळे नुकसानीच्या अर्जाला लावायचे फोटो. जन्मभर "हसा, हसा" म्हणणाऱ्या माणसावर "हसू नका" म्हणायची पाळी आली. नटूनथटून, हौसेनं, स्वतःसाठी फोटो काढायला एक माणूस फिरकेना. मेव्हण्यानं बेळगावात एका कलर लॅबमध्ये नोकरी बघून ठेवली होती. दुसऱ्याच्या हाताखाली, दिवसभर मशिनीपुढं! भरमा आज-उद्या करत राहिला. शेवटी त्यानं शालूबाईला शब्द दिला, "खंडेनवमीपतूर हौसेच्या एका जरी गिऱ्हाइकाचा फोटू निघाला, तर हितंच ऱ्हायचं. न्हायतर कॅमेऱ्याची पूजा करायची आनि दसऱ्याच्या मुहूर्तावर बेळगाव गाठायचं."

तशात विनोदिनी मॅडमचा फोन आला. त्या बेळगावच्या कॉलेजात शिकवायच्या, पुरात मदत घेऊन आल्या होत्या. आता त्यांना प्रदर्शन भरवायचं होतं. "भरमाण्णा, गाव सावरतंय असं दिसणारे फोटो हवेत."

"एवढंच न्हवं? चालतंय की!" भरमा म्हणाला आणि कॅमेरा गळ्यात अडकवून निघाला.

सुरुवात शेजारच्या राजाबाईपासून केली. तिला माहेरून नवी म्हैस मिळाली होती आणि सकाळीच ती म्हशीला धुऊन गल्लीभर मिरवून आली होती. पण गळ्यातला कॅमेरा दिसला मात्र, बाईनं म्हैस आत ढकलली, दार ओढलं आणि पडक्या भिंतीपुढं जाऊन तोंडाला पदर लावून उभी राहिली.

"आक्का, आज रडायचं न्हाय. हसायचं हाय."

"हसू? आनि उद्या सायेब म्हनला, ही तर हसतीया, हिला कशाला घराचा दुसरा हप्ता?"

आतून म्हैस रेकली.

"ती कुणाची गं आक्का?"

"शेजाऱ्याची."

"शेजारी तर मीच हाय!"

"मग तुझीच समज. फोटू काढ मुकाट्यानं."

पुढं जयाबाईनं नव्या गुलाबी दारावर गोणपाट टाकलं. एकानं तर अंगातला कोरा सदरा काढून फाटका चढवला. अख्खं गाव सावरलं होतं आणि ते लपवायला अख्खं गाव धावत होतं. फोटो बघून मॅडमचा पुन्हा फोन, "अहो, हे सगळे रडतायत की!"

भरमानं कपाळाला हात लावला. मॅडमचं काम राहिलं बाजूला, हौसेचं गिऱ्हाईक कुठून यायचं या गावात?

खंडेनवमी उजाडली. भरमानं कॅमेरा पुसून पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचं फूल ठेवलं. आतल्या खोलीत शालूबाईनं बोचकी बांधली. गाठी मात्र ती उगाच करकचून मारत होती.

दुपार कलली आणि दारात राजाबाई! अंगावर इरकल, नाकात नथ, डोक्याला चपचपीत तेल.

"भरमा, फोटू काढ."

"अर्जाला?"

"अर्ज गेला खड्ड्यात! माझा म्हून एक चांगला फोटू न्हाय रं. तू काढलास त्यो समदा रडका. उद्या मी मेले, तर पोरं त्योच लावतील भिंतीवर! जलमभर रडल्यावानी दिसंन मी. लोक सुनंला नावं ठेवतील."

भरमा लगबगीनं उठला. मग त्याची नजर पाटाकडं गेली. पूजेला बसवलेलं हत्यार त्या दिवशी हलवत नाहीत, आणि उद्या तर बेळगावला निघायचं.

"आक्का, आज कॅमेरा पूजेत हाय."

"मग उद्या काढ."

"उद्या आम्ही..."

"उद्या या आक्का," शालूबाई आतून म्हणाली. "सकाळीच या."

दसऱ्याला राजाबाई आली ती गल्लीला घेऊनच. आल्या आल्या म्हणाली, "पावडर कुठाय? आनि कंगवा?" दोन्ही बोचक्यात होती. शालूबाईनं दातानं गाठ सोडली. ती गाठ पुन्हा काही बांधली नाही.

राजाबाई चिखलाच्या रेघेच्या हंसांपुढं बसली. भरमा सवयीनं म्हणाला, "हसू नका."

"मुडद्या, मग आले कशाला मी?" राजाबाई फिसकन हसली आणि भरमानं बटण दाबलं.

"ह्यो बेळगावला धाडायचा न्हाय हं," तिनं बजावलं. जयाबाईनंही तेच बजावलं, तिच्या मागच्यानंही. भरमानं सगळ्यांना शब्द दिला. मग तो बाहेर आला, दारातल्या चपलांच्या ढिगाचा एक फोटो काढला आणि मॅडमला पाठवला.

लगेच फोन आला. "भरमाण्णा, यात माणसं कुठंयत?"

"आत हायती मॅडम," भरमा म्हणाला. "भांग पाडाय लागल्यात."