सतराव्या शतकातलं शिलाई मशीन

"भावना राहू द्या. मुद्दे सांगा."

हे म्हणताना सर उजव्या हाताची चार बोटं टेबलावर टेकवायचे आणि एकेक बोट उचलत जायचे. चार मुद्दे झाले की हात मोकळा. अंगठा ते कधी वापरत नसत. पाचवा मुद्दा मुलांच्या लक्षात राहत नाही, असं त्यांचं मत होतं.

सर गाईडं लिहायचे. तुमच्यापैकी कुणी नव्वदच्या आगेमागे पुण्यात इंग्रजी घेऊन बी.ए. केलं असेल, तर तुम्ही सरांना पाहिलं नसेल, पण वाचलं नक्की असेल. मुखपृष्ठावर त्यांचं नाव नसे. 'अनुभवी प्राध्यापकांच्या समितीकडून' एवढंच असे. समितीत एकच प्राध्यापक होते आणि ते बिबवेवाडीहून बसने यायचे.

अप्पा बळवंत चौकाजवळ आमच्या मालकांचं दुकान होतं. खाली विक्री आणि वर पोटमाळ्यावर मी, प्रुफं तपासायला. सर सकाळचं कॉलेज आटोपून तिथे येत, माझ्या समोरच्या स्टुलावर बसत आणि शेक्सपिअरपासून पर्यावरणापर्यंत काय पडेल ते लिहीत. पण त्यांचा जीव एकाच पेपरात होता. सतराव्या शतकातली इंग्रजी कविता, त्यातही 'मेटाफिजिकल' म्हणतात ती शैली.

ती शैली मला सरांनीच समजावली. हे कवी प्रेमावर लिहितात, पण वकिलासारखं. प्रेयसीला चंद्र-बिंद्र म्हणत नाहीत. एखादं अवजार नाहीतर औषध, अशी कुठलीतरी भलतीच वस्तू उचलतात आणि आपलं प्रेम अगदी तसंच कसं आहे, हे मुद्देसूद पटवून देतात. प्रतिपक्ष गप्प होईपर्यंत सोडत नाहीत. अशा शेवटपर्यंत ताणलेल्या उपमेला 'कन्सीट' म्हणायचं. या कवींवर जुना आरोप आहे की त्यांचं डोकं फार चालतं, हृदय कमी. सरांना हा पेपर का आवडतो, हे वेगळं विचारायची गरज नव्हती.

मूळ कविता मुलांना जड जायच्या. मालक म्हणाले, "सर, एखादं सोपं उदाहरण घाला की. आमच्या अमरावती-यवतमाळच्या पोरांनाही कळलं पाहिजे." दुसऱ्या दिवशी सरांनी आठ ओळी आणल्या. जुन्या इंग्रजीत, यमकं जुळवून, स्वतः रचलेल्या. वर लिहिलं होतं, 'सतराव्या शतकाच्या धर्तीवर'.

त्या ओळींचा अर्थ मराठीत असा. आपण दोघं म्हणजे एका कापडाचे दोन दोरे. एक वरून चालतो, एक खालून. जग एका वेळी एकालाच पाहतं. पण प्रत्येक टाक्याला ते एकमेकांना अडकतात, आणि अडकतात ते कापडाच्या पोटात, जिथे कुणाची नजर पोचत नाही. तेव्हा आपण लांब आहोत असं म्हणू नकोस. या लांब असण्यालाच शिवण म्हणतात.

खाली नमुना उत्तर होतं, तेही सरांचंच. पहिले तीन मुद्दे कौतुकाचे आणि चौथा परीक्षकाला हवा तो: 'कवीची बुद्धी चमकते, पण हृदय थंड राहते. हा कवी प्रेम सिद्ध करतो, करत नाही.'

पुढच्या आवृत्तीला छपाईचे खिळे गेले आणि कॉम्प्युटर आला. एक पान वाचवायला मालकांनी इकडच्या तिकडच्या ओळी कापल्या. त्यात 'धर्तीवर' गेलं. उरलं नुसतं 'सतरावे शतक'. कुणाला काही वाटलं नाही. पुढच्याच वर्षी त्या आठ ओळी परीक्षेत आल्या. 'अज्ञात कवी. रसग्रहण करा.'

मग त्या सगळीकडेच येऊ लागल्या. एका चर्चासत्रात, खांद्यावर नुकतीच पडलेली शाल सावरत, एका मोठ्या प्राध्यापकांनी त्यांच्यावर अर्धा तास भाष्य केलं. वरचा दोरा म्हणजे आत्मा, खालचा म्हणजे देह, आणि कापड म्हणजे तत्कालीन चर्च. सर माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी गुडघ्यावर चार बोटं टेकवली आणि एकच उचललं.

"सतराव्या शतकात शिलाई मशीन नव्हतं," ते हळूच म्हणाले. "हातशिवणीला दोरा एकच लागतो. वरून एक, खालून एक, हे मशीनचं. ते यायला अजून दीड-दोनशे वर्षं होती."

माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं. मी म्हटलं, "मग उठून सांगा की."

"पेपर होऊन गेलाय. मुलांना मार्क मिळालेत."

आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. भाषण मुद्देसूद होतं म्हणाले.

मशीन कुठून आलं, ते मला बिबवेवाडीला प्रुफं पोचवायला गेलो तेव्हा कळलं. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी वहिनींचं मशीन आणि मागच्या भिंतीशी सरांचं टेबल. दोघांच्या पाठी एकमेकांकडे. वहिनी ब्लाउज शिवायच्या, शाळांचे गणवेश शिवायच्या. खालचा दोरा संपला की त्या मान न वळवता डावा हात मागे करायच्या. सर लिहिता लिहिता खिशातून भरलेली बॉबीन काढून त्या हातावर ठेवायचे. बोलणं नाही. बॉबिनी भरून ठेवणं हे त्या घरात सरांचं काम होतं.

"भावोजी, पुस्तकं कशी लिहितात मला ठाऊक नाही," वहिनी मला म्हणाल्या, "पण बॉबीन बरी भरतात."

सर म्हणाले, "हा अभिप्राय मुखपृष्ठावर घ्या."

वहिनींना इंग्रजी येत नव्हतं. एकदा सर चहा टाकायला आत गेले होते, तेव्हा त्यांनी मला विचारलं, की मशीनवर काहीतरी लिहिलंय म्हणे ह्यांनी, काय आहे ते. प्रुफं हातातच होती. मी अर्थ सांगितला. त्यांचा पाय थांबला.

"बरोबर लिहिलंय," त्या म्हणाल्या. "फक्त ताण सारखा हवा. वरचा जास्त ओढला की तुटतो. ते घातलं नाही वाटतं. आणि खाली एवढं काय आहे?"

मी चौथा मुद्दाही वाचून दाखवला. हृदय थंड, वगैरे. त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

"ते परीक्षेसाठी असेल," म्हणाल्या, आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

हिंजवडीला काचेच्या इमारती उठू लागल्या, त्या सुमाराला वहिनी आजारी पडल्या. दुखणं लांबलं नाही. स्मशानात सर डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते प्रत्येकाला त्याच क्रमाने, त्याच शब्दांत सांगत होते. दिवसवार झाले आणि सर पोटमाळ्यावर हजर. स्टुलावर बसले, पेनाचं टोपण काढलं, पर्यावरणाचं राहिलेलं प्रकरण पुढे लिहायला घेतलं. त्या प्रकरणात मला एकही चूक सापडली नाही. खाली मालक गिऱ्हाइकाला म्हणाले, "माणूस आहे का दगड." पोटमाळ्याच्या फळ्यांतून सगळं वर ऐकू यायचं.

सरांचा शर्ट खांद्यावर उसवला होता. तिथे त्यांनी आमच्या स्टेपलरच्या पिना मारल्या होत्या. नीट, एका रेषेत.

मी विचारलं, "सर, बरे आहात ना?"

त्यांनी चार बोटं टेबलावर टेकवली. एकही उचललं नाही.

"खालचा दोरा संपला तरी मशीन थांबत नाही," ते म्हणाले. "आवाज तोच येतो. सुई वर-खाली होते, कापड पुढे सरकतं. शिवणाऱ्याला वाटतं शिवलं जातंय. कापड उचलून पाहिलं की कळतं."

"मग?"

"अजून उचललं नाही."

आणि प्रकरणाचं पुढचं पान माझ्याकडे सरकवलं.

त्या उन्हाळ्यात सर नेहमीसारखे पेपर तपासायला गेले. त्या आठ ओळींचा प्रश्न पुन्हा आला होता. गठ्ठेच्या गठ्ठे मुलांनी लिहिलं होतं, कवीचं हृदय थंड आहे, हा कवी प्रेम करत नाही. सर टिक करत गेले. एका उत्तरपत्रिकेत मात्र चौथ्या मुद्द्याच्या जागी भलतंच होतं. त्या मुलानं, की मुलीनं, लिहिलं होतं, की या कवीला रडता येत नसावं, म्हणून तो दोऱ्याबद्दल बोलतोय.

"मग किती दिलेत?" मी विचारलं.

"चौथा मुद्दा नव्हता. त्याचे कापले."

हे त्यांनी हवामान सांगावं तसं सांगितलं. थोड्या वेळाने म्हणाले, "नव्या आवृत्तीत चौथा मुद्दा बदलू या."

इतक्या वर्षांत सरांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. आम्ही दोघं खाली गेलो. मालकांनी ऐकून घेतलं, चहा मागवला. मालक वाईट माणूस नव्हते. फक्त धंद्याचं त्यांना आपल्या आधी दिसायचं.

"सर, तपासणारे सगळे तुमचंच गाईड पुढ्यात घेऊन बसतात. जुनं. तुम्ही यंदा लिहिणार, हृदय गरम आहे. पोरं तेच लिहिणार. आणि तिकडे मार्क कापले जाणार. आत्ताच तुम्ही एकाचे कापलेत ना?"

सरांनी चहा न पिताच बाजूला ठेवला. मी सुचवलं, निदान 'काही समीक्षकांच्या मते' एवढं तरी पुढे जोडू. मालक म्हणाले, ओळ वाढेल, पान पुढे जाईल.

"बरोबर आहे," सर म्हणाले. "मुलांचं नुकसान नको. राहू द्या."

चौथा मुद्दा राहिला. मग तर तो कायमचाच राहिला, कारण अभ्यासक्रमच बदलला. सतरावं शतक गेलं आणि त्याच्या जागी 'संभाषण कौशल्ये' आली. कंपन्यांना म्हणे बोलता येणारी माणसं हवी होती. शिल्लक गाईडं रद्दीत गेली. मोठ्या प्राध्यापकांनी तासाभरात बाजू बदलली आणि व्यक्तिमत्त्व विकासावर भाषणं सुरू केली. शाल तीच असावी. मालकांनी सरांना विचारलं, जमेल का. सर म्हणाले, मुद्दे असतील तर जमेल.

आणि जमलं. हस्तांदोलन कसं करावं, मुलाखतीत हात कुठे ठेवावेत, 'तुमचे दोष कोणते' या प्रश्नाला गुण कसे सांगावेत, हे सगळं सरांनी चार-चार मुद्द्यांत बसवलं. स्वतः ते मुलाखतीत कितपत टिकले असते, सांगवत नाही. मागे सरावासाठी इंग्रजी संवाद होते. बँकेत, रेल्वे चौकशीच्या खिडकीवर, शिंप्याच्या दुकानात.

शिंप्याच्या संवादाची प्रुफं मी तपासली. गिऱ्हाईक खांद्यावर उसवलेला शर्ट घेऊन येतो. शिंपी उलटा-सुलटा करून बघतो आणि म्हणतो, काम छान आहे, कुठून शिवून घेतलात? गिऱ्हाईक म्हणतो, माझ्या बायकोने शिवलाय. शिंपी म्हणतो, मग त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्या. गिऱ्हाईक म्हणतो, ते आता शक्य नाही. आणि त्याच्यापुढे कंसात सूचना: 'येथे थांबावे. पुढच्या वाक्याची घाई करू नये.'

मालकांनी खालूनच हाक मारून विचारलं, संवादात थांबायचं कशाला, मुलांना वाटेल छपाईत काही राहिलंय.

सर स्टुलावरून म्हणाले, "थांबणं हेही कौशल्यच आहे." आणि त्यांनी चौथं बोट उचललं. मालकांना हिंजवडीच्या मागणीचं टेन्शन होतं. ते म्हणाले, ठीक आहे, राहू द्या.

ते गाईड सरांच्या सगळ्या गाईडांपेक्षा जास्त खपलं. सर मात्र पुढे यायचे कमी झाले. वारज्याला मुलीकडे राहायला गेले, बिबवेवाडीची जागा सोडली. मशीन कुणाला दिलं, मी विचारलं नाही. एकदा दुकानावरून जाताना दिसले, तेव्हा वरच्या खिशात पेनाच्या शेजारी एक भरलेली बॉबीन होती, निळ्या दोऱ्याची. गणवेशाचा निळा. मी बघतोय हे त्यांनी पाहिलं आणि तापमानाबद्दल बोलले. त्या हिवाळ्यात ते गेले. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, त्यात त्यांच्या पुस्तकांचा उल्लेख नव्हता. समितीचं नाव कसं छापणार.

परवा वारज्याला काही कामाने गेलो होतो. पुलाच्या अलीकडे एका औषधांच्या दुकानाच्या वर इंग्रजी संभाषणाचा क्लास आहे. खिडक्या उघड्या होत्या. विदर्भातली, मराठवाड्यातली, कुठकुठली पोरं एका सुरात म्हणत होती. शिक्षिका शिंपी झाली होती आणि सगळा वर्ग गिऱ्हाईक.

काम छान आहे, कुठून शिवून घेतलात?

माझ्या बायकोने शिवलाय.

मग त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्या.

ते आता शक्य नाही.

आणि तीस-चाळीस पोरं एकदम थांबली. खाली एक रिक्षा गेली, औषधांच्या दुकानाचं शटर वाजलं. वर कुणीही पुढचं वाक्य म्हणत नव्हतं. कुणी घाई करत नव्हतं.