डाव्या हातातला चुडा

"सिस्टर, थांबा."

लाल औषधाची सिरिंज माझ्या हातात होती आणि निम्मी रिकामी झाली होती. कामात मध्येच कुणी थांबवलेलं मला आवडत नाही. त्यात थांबवणारी कोण, तर पौर्णिमा इंगळे. जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, माझ्या वॉर्डात येऊन जेमतेम दोन महिने झालेली. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी तेव्हा बुलढाण्यातल्या एका हॉस्पिटलात केमोथेरपीच्या डे-केअरची इनचार्ज होते. डे-केअर म्हणजे पेशंट सकाळी येतो, खाटेवर पडून औषध घेतो आणि दुपारच्या एसटीनं घरी जातो. एकवीस दिवसांनी पुन्हा येतो. अशा प्रत्येक फेरीला आम्ही सायकल म्हणतो. लाल औषध हे आमच्याकडचं सगळ्यात नाठाळ औषध. दिसायला सरबतासारखं. शिरेत गेलं तर गुणाचं, पण शिरेबाहेर कातडीखाली थोडं जरी सांडलं तर मांस जाळतं. म्हणून ते बाटली टांगून देत नाहीत. शेजारी सलाईन चालू ठेवून नर्सनं स्वतः बसून हळूहळू ढकलायचं असतं. याला पुश म्हणतात. इतक्या वर्षांत माझ्या हातून एकही पुश बिघडला नव्हता आणि हे मी विद्यार्थिनींना दर सोमवारी ऐकवायची.

पौर्णिमा जिल्ह्यातल्याच बीबी गावची. पहिल्या दिवशी मी सगळ्या मुलींना विचारलं होतं, पुढे काय करणार? कुणी सरकारी नोकरी म्हणाली, कुणी परदेश. ही म्हणाली, "मला कॅन्सरमध्येच काम करायचंय, सिस्टर."

"का गं?"

"जनरल वॉर्डात माणूस बरा झाला की तोंड दाखवत नाही. इथले पेशंट परत येतात. ओळख होते."

"हौसेनं येत नाहीत बाई ते परत."

"नसू द्या. पण आल्यावर ओळखीचं माणूस दिसलं तर त्यांनाच बरं वाटतं ना?"

मला हे उत्तर पोरकट वाटलं होतं. शिवाय पोरगी बोलकी. पेशंटच्या खाटेवर बसायची, सुनांच्या तक्रारी ऐकायची, काही शिकवायला गेलं की आधी "असंच का?" विचारायची. माझी लाडकी होती, हे कबूल करते. डब्यातली ज्वारीची भाकरी आणि ठेचा आणून आधी माझ्यापुढे ठेवायची. पण लाडकीचं मूल्यमापन कडकच करावं, असा माझा हट्ट.

आणि मूल्यमापनाचीच वेळ आली होती. रिझल्टनंतर मुंबईला कॅन्सर नर्सिंगचा एक वर्षाचा कोर्स करायचा, असं तिनं ठरवलं होतं. फॉर्मला वॉर्ड इनचार्जचं गोपनीय शिफारसपत्र लागतं. तिच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, "यंदा नंबर लागला तर जाय. नाही लागला तर जवळपास मिळेल ती नोकरी धर, मग आम्ही स्थळं पाहतो." म्हणजे तिचं सगळं माझ्या एका कागदावर अडलं होतं. तो कागद मी त्याच सकाळी लिहून टेबलाच्या खणात ठेवला होता. 'होतकरू आहे, परंतु सूचना पाळण्यात कमी पडते. आणखी एक वर्ष अनुभव घ्यावा.'

त्या दिवशीच्या पेशंट होत्या पिंपळगाव राजाच्या शेवंताबाई. उजव्या स्तनाचं ऑपरेशन झालेलं, काखेतल्या गाठीही काढलेल्या. अशा बाजूच्या हाताला पुढे सूज येण्याची भीती असते. म्हणून त्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, घट्ट बांगड्याही नाहीत. हे आम्ही पेशंटला घोकून घोकून सांगतो. लाल औषधाची त्यांची ही शेवटची सायकल होती. दोन दिवसांपूर्वी घरात पुतण्याचं लग्न झालं होतं. बाई आल्या त्या डावा हात मिरवतच. मनगटापासून वर हिरव्यागार काचेच्या बांगड्या, बोटभर जागा नाही.

"शेवंताबाई, हे काय?"

"तुमीच तं म्हनलं होतं, उजव्या हातात काई घालू नोका. म्हून कासाराले म्हनलं, दोनी हाताच्या याच हातात भर."

दाराशी त्यांचे यजमान नामदेवभाऊ उभे होते. ते कौतुकानं म्हणाले, "चोवीस हायेत, सिस्टर."

मी कपाळावर हात मारला. बाईनं आमचं अक्षरशः ऐकलं होतं. आता सुई टोचायला तोच एक हात. बांगड्या घट्ट, निघेनात. फोडू का म्हटलं तर बाई कडाडल्या, "काऊन फोडू? हे जिते हायेत ना!"

मीही याच जिल्ह्यातली, देऊळगाव राजाची. जास्त ताणलं नाही. सगळ्या बांगड्या कोपराकडे जितक्या चढतील तितक्या चढवल्या, हाताच्या पाठीवर शीर शोधली आणि कॅन्युला, म्हणजे शिरेत ठेवायची प्लॅस्टिकची बारीक नळी, बसवली. ओढून बघितलं, रक्त आलं. सलाईन वाहिलं. पुश सुरू केला. आणि निम्म्यावर पौर्णिमा म्हणाली, थांबा.

"सलाईन मंदावलंय, सिस्टर."

"शिरा बारीक आहेत त्यांच्या. मध्ये बोलू नकोस."

"आणि मावशी बोलायच्या थांबल्यात. आत्तापर्यंत लग्नाचं सांगत होत्या."

मी शेवंताबाईंना विचारलं, "दुखतंय का?"

"नाई जी."

आमच्याकडच्या बाया या प्रश्नाला दुसरं उत्तर देतच नाहीत. हे मला माहीत होतं, तरी मी ते उत्तर धरून चालले. पौर्णिमा वाकून हात बघत होती. "बांगड्या रुतल्यात, सिस्टर. शीर फुगवायला आपण पट्टा बांधतो ना, तसं झालंय. पट्टा आपण सोडतो. या तशाच राहिल्या."

माझा अंगठा सिरिंजवर होता. तिनं सरळ माझं मनगट धरलं. पेशंटसमोर, पेशंटच्या नवऱ्यासमोर. "आता ढकलायचं नाही."

मी तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि हाताकडे नजर गेली. बांगड्यांच्या खाली पंजा तट्ट फुगला होता. कॅन्युलाच्या टोकाशी सुपारीएवढा उंचवटा आला होता. औषध बाहेर जात होतं, आणि ते मी ढकलत होते.

अशा वेळी कॅन्युला झटकन उपसायची नसते. त्याच नळीतून रिकाम्या सिरिंजनं जेवढं परत येईल तेवढं ओढायचं, मग ती काढायची, हात उंच ठेवायचा, बर्फ लावायचा. ते मी केलं. एका मुलीला डॉक्टरांकडे पिटाळलं. पण बांगड्या सुटल्याशिवाय सूज उतरणार नव्हती. मी चिमटा उचलला, तर शेवंताबाईंनी हात छातीशी घेतला.

"लग्नाच्या घरून आली मी, सिस्टर. फोडू नाई देत."

मी समजावलं, मग दम दिला. बाई ऐकेनात, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पौर्णिमा दाराकडे वळली. "काका, इकडं या. तुम्ही फोडा."

"म्या?" नामदेवभाऊ घाबरले.

"हो, तुमच्याच हातानं. तुम्ही धडधाकट समोर बसून फोडल्यावर कुणाला काय बोलायचं राहिलं?"

ते खाटेजवळ आले. बायकोकडे बघत उभे राहिले. "फोडू का वं?"

शेवंताबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग हात पुढे केला. "फोडा. पन हळू."

पौर्णिमानं बांगड्यांखाली गॉजची घडी सरकवली. भाऊंनी चिमट्यात एकेक बांगडी धरून चटकन मोडली. सातव्या-आठव्या बांगडीला कपाळ पुसून म्हणाले, "आपल्या लग्नातबी इतका घाम नोता आला." त्यावर शेवंताबाई रडता रडता हसल्या. माझेही डोळे भरून आले. मी ते लपवलं नाही.

डॉक्टरांनी उरलेला डोस पुढे ढकलला. आठवडाभर रोज हात तपासला. रुपयाएवढी जागा लाल झाली, साल निघाली, जखम मात्र झाली नाही. आणखी थोडं औषध गेलं असतं तर बोटं मिटायची राहिली असती.

त्याच दिवशी दुपारी मी घटनेचा अहवाल लिहायला बसले. पौर्णिमा समोर येऊन घुटमळली. "सिस्टर, बांगड्या मी चढवल्या असं लिहा ना. मी काय, शिकतेच आहे. तुमचं नाव कशाला?"

मला इतका राग आला आणि इतकं प्रेम आलं की आधी कशाला वाट द्यावी कळेना. रागाला दिली. "कॅन्सरमध्ये जायचंय ना तुला? मग एवढं शिकून जा. चूक ज्याची, नाव त्याचं. खोटं लिहिलं तर पुढची सिस्टर हेच करेल." ती पडल्या चेहऱ्यानं निघून गेली. मी अहवालावर माझं नाव लिहिलं, खणातलं पत्र फाडलं आणि दुसरं लिहिलं.

त्यावर डॉक्टरांचीही सही लागत होती. त्यांनी वाचून चष्मा काढला. "सिस्टर, ही शिफारस आहे की तक्रार?"

पत्रात होतं, 'ही विद्यार्थिनी वरिष्ठांना अडवते. मी औषध देत असताना हिनं माझा हात धरला. मी चुकत होते. पेशंट बोलायचा थांबला हे हिला कळलं, मला कळलं नाही. हिला प्रवेश द्यावा.'

"खरं तेच आहे, सर," मी म्हणाले. त्यांनी सही केली.

रिझल्ट लागला, मुलाखतीचं बोलावणं आलं. पौर्णिमा वडिलांना घेऊन मुंबईला गेली. दोन दिवसांनी तिचा फोन. "सिस्टर, त्यांनी पत्राबद्दलच विचारलं. मी सगळं सांगून बसले. तुमच्या नावासकट."

"मग?"

"नंबर लागला."

मी तिला चार शब्द चांगले बोलायला हवे होते. बोलले काय, तर तिकडच्या बाईंपुढे प्रश्न जरा बेतानं विचार. ती "हो" म्हणाली. त्यावर माझा विश्वास बसला नाही.

या सगळ्यातून धडा म्हणाल तर एवढाच. सलाईन मंदावलं की शिरेला दोष देण्याआधी खांद्यापर्यंतचा हात बघावा. आमच्या सूचनांच्या कागदावर आम्ही एक ओळही वाढवली. दुसऱ्या हातातल्या बांगड्याही सैल हव्यात.

पौर्णिमा गेली त्याच्या पुढच्या सोमवारी वॉर्डात नवी बॅच आली. आठ मुली, वेण्या घट्ट, वह्या छातीशी. मी तासभर बोलले. एकीनंही तोंड उघडलं नाही. पूर्वी असं झालं की मला समाधान वाटायचं. त्या दिवशी मला धडकी भरली.