मोहाला बांधलेलं इंजिन

हे गेले तेव्हा लाखनीत जो भेटला त्याने आधी एकच विचारलं, "विमानातून पडले का?" नाही हो. अंगणातल्या खुर्चीत, चहा पिता पिता गेले... कित्येक वर्षं मी ज्या भीतीने जीव मुठीत धरून होते, ती तशीच वर राहिली आणि मरण फाटकातून आलं.

माझे यजमान वरठीच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर त्यांनी एका माणसापुरतं विमान घरीच बांधायला घेतलं आणि त्याला मोटारसायकलचं फोर-स्ट्रोक इंजिन लावायचं ठरवलं. इंजिन भरभर फिरतं, पंखा मात्र सावकाश फिरायला हवा, म्हणून मधे पुल्या आणि पट्टा. एक प्लग दगा देईल म्हणून सोबत दुसरा. मी म्हटलं, "अन् तरी बंद पडलं तं?"

"रस्त्यावर बंद पडलं तं ढकलत नेता येते. वर कोणाले सांगू, ढकल म्हणून?"

त्यावर मी अट घातली, माझं समाधान होईस्तोवर बसायचं नाही. मग काय, परसातल्या मोहाच्या झाडाला विमानाचा सांगाडा साखळीने बांधून उन्हाळाभर रोज दुपारी इंजिन पूर्ण दमात चालायचं. रस्त्यावरच्या इंजिनाला उतारावर विसावा मिळतो, वर तोही नाही, म्हणायचे. मी कानाला पदर लावून लाखोळीची डाळ निवडत बसायची आणि कुरकुरायची. पण तान्ह्या लेकराचा श्वास आईला झोपेतही कळतो, तसा तो आवाज हळूहळू माझ्या अंगात मुरला.

परवानगीसाठी घातलेल्या खेट्यांचं तर विचारूच नका. शेवटी ती मिळाली आणि धान निघाल्यावर शेजाऱ्यांनी आपापल्या शेतांचे धुरे, म्हणजे बांध, फोडून विमान धावायला सलग पट्टी करून दिली. धुऱ्यापायी आमच्याकडे भाऊ भावाचं डोकं फोडतो, आणि इथे लोक स्वतः कुदळ घेऊन आले!

सगळे जमले. हे बसले, इंजिन भरात आलं... आणि त्या गर्जनेखाली मला बारीकशी टकटक ऐकू आली. मी हात वर केला. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं, हे चेहऱ्यावर साफ दिसत होतं. आयुष्यभराची हौस समोर, सगळं गाव बघतंय. त्यांनी इंजिन बंद केलं.

"बायकोले भेऊन राहिले का भाऊ?" कोणीतरी ओरडलं.

"हो," म्हणाले आणि खाली उतरले. पुलीच्या बोल्टला चीर गेली होती.

बोल्ट बदलला, इंजिन पुन्हा मोहाला बांधलं, माझं मन भरलं, मगच ते उडाले. चाकांना चिकटून धावणारी सावली एकाएकी सुटली आणि खालीच राहिली. तळ्याच्या पाळीवरल्या झाडांइतकेच वर गेले असतील, पण मी रडायचंही विसरले. रोज ज्याच्या ताटात भाकर वाढायची, तो माणूस आभाळात होता.

परवा फाटकाशी एक मोटारसायकल थांबली. मी म्हटलं, "तुझी साखळी ढिली वाटते बापू." तो वाकला, बघितलं, चकित झाला. "तुमाले कसं समजलं, काकू?"

यांनी शिकवलं, असं अगदी ओठावर आलं होतं. पण त्यांनी मला कधीच काही शिकवलं नव्हतं. माझ्या नुसत्या हातावर विश्वास ठेवून ते विमानातून उतरले होते.