मामाच्या झांकीतलं गॅस चेंबर

अनंत चतुर्दशीला इंदूरला जायचं मनात असेल तर आदल्या दिवशीच पोहोचा. मिरवणुकीमुळे राजवाड्याकडचे रस्ते बंद होतात. मी गेलो ते एकेक मिल बंद पडत होती त्या दिवसांत. मामा तिथल्याच एका कापडमिलमध्ये फिटर. कुलूप लागलं तरी कामगार वर्गणी काढून झांकी सजवत होते. ही आपली शेवटची, असा मामाचा निरोप आला. मी पुण्यात इतिहास शिकवायचो. रजा टाकली आणि निघालो.

बसने हाडं खिळखिळी केली, सेंधव्याच्या घाटात ट्रकांमागे रखडलो ते वेगळंच. उतरल्यावर पोहे-जिलबी खाल्ली. वर शेव आणि जिरावण मसाला मागून घ्या, लाजू नका. मग टेम्पोने मिलचं फाटक.

आवारात झांकी उभी होती. झांकी म्हणजे ट्रॉलीवरचा, विजेवर हलणाऱ्या पुतळ्यांचा देखावा. एक काळी खोली, आत माना टाकणारे कामगार, बाहेर आखूड मिशीचा मालक आणि वर पाटी: 'मजदूरों का गैस चैंबर'.

"आमच्या युनियनचे नेताजी म्हणाले असं बनवा, तर बनवलं," मामा म्हणाला. "तू मास्तर आहेस. बरोबर बनलं ना?"

मी खरं ते सांगितलं. हिटलरच्या राज्यात ज्यू म्हणून जन्मली एवढ्यासाठी माणसं धरून आणली, आंघोळीला चला म्हणत लेकराबाळांसकट आत कोंडली आणि विषारी वायूने मारली. मामाने आधी मोटर बंद केली.

"आणि मी त्याच्यात मोटर लावली? अरे, आमची हालत खराब आहे, पण संध्याकाळी घरी तर जातो ना!"

त्याने पाटी उतरवली, पुतळ्याची मिशी खरवडली आणि 'मिल चालू करो' असं रंगवायला घेतलं. तेवढ्यात नेताजी आले.

"भिया, ये पढ़ने कौन रुकेगा? हिटलर रखो, फोटो छपेगी."

"मग मी झांकीबरोबर चालणार नाही," मामा म्हणाला.

"मत चलो." पाटी परत चढली, मिशीही.

दिवेलागणीला मिरवणूक निघाली. मामा पहिल्यांदाच बघ्यांमध्ये उभा होता. मंचावरून नेताजी गरजले, "ये मालिक हिटलर हैं!" बायका डोळे पुसू लागल्या. आणि लगेच पुढे, "मुझे कुर्सी दो! इस देश को एक हिटलर ही सीधा करेगा!" त्याच लोकांनी टाळ्या पिटल्या. माझं डोकं फिरलं. मारणाऱ्याचं नाव शिवीलाही चालतं आणि नवसालाही. मेलेल्यांची आठवण त्या गर्दीत एकालाही नव्हती. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस जरूर खा म्हणतात. आम्ही तसेच घरी गेलो.

झांकीला पहिला नंबर मिळाला. बक्षीस घ्यायला नेताजी गेले. परीक्षकांनी गॅस चेंबरमधल्या कारागिरीचं खास कौतुक केलं.

पुण्याला आल्यावर आईला नंबराचं तेवढं सांगितलं. तिने देवापुढे साखर ठेवली.

"दादाच्या हाताला यशच आहे," ती म्हणाली.

खोटं नव्हतं ते. पुतळ्यांच्या माना अगदी खऱ्यासारख्या पडत होत्या.