गोळी आधी, पुरण मागून

फोन आला तेव्हा मी शाळेच्या कार्यालयात दाखल्यांवर शिक्के मारत होते. संजयचा, माझ्या नवऱ्याचा, आवाज अगदी शांत होता. “अक्का गेल्या. चहा घेतला, पलंगावर टेकल्या आणि...” मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकराला दहा मिनिटं कमी होती, आणि मनात पहिला विचार आला तो अकराच्या गोळीचा. ज्या घराचा दिवस दहा वर्षं गोळ्यांच्या वेळांनी आखलेला, त्या घरच्या सुनेला त्या क्षणी दुसरं काय सुचणार... या गोष्टीला आता दीड महिना होत आला.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, पण धरणगावात आमची अर्धी पेठ त्यांना अक्काच म्हणायची. लग्नकार्यात खापरावरच्या पुरणपोळ्यांसाठी त्यांना बोलावणं असायचं. पोळी दोन्ही हातांवर अशी फिरवायच्या की बघता बघता ती कोपरापर्यंत पसरायची, आणि मग चुलीवरच्या पालथ्या खापरावर एकही सुरकुती न पडता जाऊन बसायची. अशा हातांना कंप सुटला, तेव्हा कुणाचा विश्वासच बसेना. कारण गंमत अशी होती की नुसत्या बसल्या की उजवा अंगठा गोळी वळल्यासारखा हलायचा, आणि पोळी हातावर घेतली की थांबायचा. बायका म्हणायच्या, “पोळ्या करताना तर काही होत नाही, मग आजार कसला?” अक्का त्यांना आपल्या बोलीत उत्तर द्यायच्या, “काम करस तवय हात उगा ऱ्हास, बसनू का थरथराले लागस.”

जळगावच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासलं आणि पार्किन्सन्स असल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, “वास कधीपासून येत नाही?” मी चकित झाले. अक्का मात्र लगेच म्हणाल्या, “पाच-सहा वर्षं झाली. वेलदोडा टाकला की नाही, ते मी चाखूनच ठरवते.” आम्ही घरातल्यांनी कधी विचारलंही नव्हतं. डॉक्टर म्हणाले की कंप सुटण्याच्या कितीतरी आधी हा आजार आत सुरू झालेला असतो, वास जाणं ही त्याची एक खूण असू शकते, आणि आजार तेव्हाच ओळखता यावा म्हणून जगभर संशोधन चाललंय. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मला रडू फुटलं, तर मलाच म्हणाल्या, “काबरं रडस व माय? मन्हा हात थरथरस, डोकं नही.”

ते डोकं किती चालायचं, हे पुढे कळत गेलं. सुरुवातीला गोळ्यांनी छान उतार पडला. पण कधी कधी गोळी घेऊनही अंग सुटायचं नाही, पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. आम्ही म्हणायचो, गोळ्याच खराब लागल्या असतील. अक्कांनी महिनाभर लक्ष ठेवलं आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगितलं, “ज्या दिवशी पुरण शिजतं त्या दिवशी गोळी लागत नाही. मी चाखत बसते ना.” डॉक्टर हसले नाहीत. खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “बरोबर पकडलंत. डाळीतली प्रथिनं या औषधाला आडवी येतात. गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्या.” तेव्हापासून आमच्या घरात नियमच झाला... गोळी आधी, पुरण मागून. स्वयंपाकघराच्या वाटेवर संजयने पांढऱ्या रंगाचे आडवे पट्टे ओढले. रिकाम्या फरशीवर अडणारं पाऊल पट्टा दिसला की त्याच्यावरून सहज पुढे पडायचं. पाहुणे विचारायचे, हे काय? अक्का म्हणायच्या, “माझा रस्ता.”

अवघड दिवस आले ते धुळ्यात. अक्का लेकीकडे, माझ्या नणंदेकडे, गेल्या होत्या आणि न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं. तिथल्या एका दवाखान्यात शस्त्रक्रिया चांगली झाली. पण घरून नेलेल्या गोळ्या सिस्टरने ठेवून घेतल्या आणि वॉर्डात सगळ्यांना औषधं मिळतील तेव्हाच त्यांनाही मिळू लागल्या. आठची गोळी दहाला, अकराची दोनला. त्यात उलटी थांबवायचं एक इंजेक्शन दिलं गेलं, ते या आजारात द्यायचं नसतं हे आम्हाला फार उशिरा कळलं. दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा अक्का लाकडासारख्या ताठ पडल्या होत्या. पाण्याचा घोट गिळता येईना, शब्द फुटेना, फक्त डोळे माझ्यावर. ड्युटीवरचे तरुण डॉक्टर म्हणाले, “वयामुळे होतं असं, भुलीचा परिणाम.” मी म्हटलं, “नाही डॉक्टर, गोळ्या चुकल्यात.” मी शाळेची कारकून, त्यांना काय सांगणार? पण मी तिथेच उभी राहिले, जळगावच्या डॉक्टरांना फोन लावला आणि तो त्या तरुण डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांनी ऐकलं, हे त्यांचं मोठेपण. इंजेक्शन बंद झालं, नाकातून नळी घालून गोळ्या विरघळवून वेळेवर द्यायला लागले. तिसऱ्या सकाळी अक्कांनी माझं मनगट धरलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, “किती वाजले?”

घरी सोडायच्या दिवशी त्यांनी सिस्टरला कॉटवर शेजारी बसवून घेतलं. म्हणाल्या, “ताई, तुमची चूक काढत नाही. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पण पुढे असा पेशंट आला तर त्याला विचारा, तुझी वेळ कोणती.” सिस्टरने तिथेच वेळा लिहून घेतल्या. नंतर नणंद अक्कांना टाके दाखवायला घेऊन गेली, तेव्हा तो कागद औषधांच्या कपाटावर चिकटवलेला होता.

पुढे जळगावच्या डॉक्टरांकडून रक्ताचा नमुना देण्याची विचारणा झाली. या आजारामागे कोणती जनुकं असतात याचा अभ्यास चालला होता. अक्कांनी संमतीपत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. “मला काय फायदा?” त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “तुम्हाला बहुतेक काहीच नाही. पुढच्यांना होईल.” अक्का म्हणाल्या, “मग दोन बाटल्या घ्या.” सही केली तेव्हा अक्षरं मुंगीएवढी उमटली, पण पूर्ण नाव लिहिल्याशिवाय त्यांनी पेन खाली ठेवलं नाही.

शेवटची तीन वर्षं आम्ही दोघी दर बुधवारी जळगावला जायचो. एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी छोट्या सभागृहात पार्किन्सन्सच्या रुग्णांचा मेळावा सुरू केला होता. तिथे टाळ्यांच्या ठेक्यावर चालणं, मोठ्याने वाचणं, आणि मग गप्पा. नवा माणूस आला, की अक्का आधी त्याच्या बायकोशी किंवा सुनेशी बोलायच्या, मग त्याच्याशी.

त्या गेल्यावर दोन बुधवार मी गेले नाही. तिसऱ्या बुधवारी संजयच म्हणाला, “जाऊन ये.” मी पोचले, तर चाळीसगावहून आलेले एक गृहस्थ दारातच अडकून उभे होते. पाय उचलेना. बायको मागून दंडाला धरून ढकलत होती, “अहो चला ना, लोक खोळंबलेत,” आणि ते जास्तच ताठ होत होते. मी तिला म्हटलं, “सोडा त्यांना. घाई नाही कुणाला.” मग त्यांच्यासमोर माझं पाऊल आडवं ठेवलं. “भाऊ, माझा पाय ओलांडा.” त्यांनी खाली पाहिलं, श्वास घेतला, आणि ओलांडला. मग दुसरं पाऊल, तिसरं... थेट पहिल्या रांगेपर्यंत. तिथे कडेची एक खुर्ची होती. अक्का कायम तिच्यावर बसायच्या, म्हणून त्या गेल्यापासून सगळ्यांनी ती रिकामी ठेवली होती. ते गृहस्थ तिच्यावर बसले. मागच्या रांगेतून कुणीतरी उठून काही सांगायला निघालं. मी मानेनेच नको म्हटलं, आणि त्यांच्या बायकोशेजारी जाऊन बसले.

“गोळी किती वाजता असते यांची?” मी विचारलं.